रघुनाथभावजींनी रांधलेली शेवळं

आमच्या शेजारचे रघुनाथभावजी वासावरून वेळ सांगत.

जव्हारात तेव्हा घड्याळं बोटांवर मोजण्याइतकी. भावजींना त्यांची गरजच नव्हती. सकाळी ओट्यावर उभं राहायचं, नाक वाऱ्याकडे करायचं आणि म्हणायचं, "जमादाराकडे पहिली भाकरी तव्यावर पडली. निघायला हवं." मग डोक्यावर पगडी चढवून ते कचेरीकडे चालू लागत. त्यांना बघून आमचे हेही शाळेला निघत. एकदा जमादाराच्या बायकोला बरं नव्हतं, भाकरी उशिरा पडली, आणि त्या दिवशी संस्थानची कचेरी आणि संस्थानची शाळा, दोन्हीकडे एकेक माणूस उशिरा पोचला.

ते दप्तरखान्यात कारकून होते. तिथली जुनी बाडं म्हणे ते न उघडता ओळखत. "हे मोखाड्याकडचं. पाटलाने चुलीवरच्या फळीवर ठेवलं होतं." उघडून बघावं तर कागद धुराने पिवळा पडलेला. कुणी कौतुक केलं की ते हात वर करत. "मी नाही म्हणत, नाक म्हणतं."

पण ह्या नाकापायी त्यांना जेवायला बोलवायला लोक घाबरत. एका बारशाला त्यांनी बासुंदीची वाटी नाकाजवळ नेली आणि पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तळाला लागलीय. फार नाही, रुपयाएवढी." यजमानीणबाई आत जाऊन पातेलं खरवडून आल्या आणि त्यानंतर वर्षभर आमच्या सरूवहिनींशी, म्हणजे भावजींच्या बायकोशी, बोलल्या नाहीत. वहिनींचा त्यात काय दोष? पण नवऱ्याच्या नाकाचा भुर्दंड बायकोनेच भरायचा, अशी रीत.

मी लग्न होऊन जव्हारला आले तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होते. संस्थानच्या नोकरांची घरं एका ओळीत होती. दोन घरांच्या मधे कारवीचा शेणामातीने सारवलेला कूड, तोही आढ्यापर्यंत गेलेला नाही. इकडे शिंकलं की तिकडून "शतायुषी हो" यायचं. माझा पहिला स्वयंपाक चालला होता, तेवढ्यात कुडावरून आवाज आला, "मास्तरीणबाई, हिंग जळला!" मी पदरात तोंड घालून रडले. थोड्या वेळाने सरूवहिनी मागल्या दाराने आल्या, माझ्या हातातली पळी घेतली आणि म्हणाल्या, "त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. मी बारा वर्षं देत नाहीये." आणि दुसरी फोडणी करून दिली.

वहिनी कल्याणच्या. हाताला अशी चव, की साध्या वरणाला पाहुणा दुसऱ्यांदा भात मागून घ्यायचा. भावजी घाटावरचे. पानावर बसले की त्यांचं सुरू व्हायचं. मीठ कणभर पुढे, चिंच जुनी, मिरी आज जागी आहे. वहिनी वाढत राहायच्या. मूल नव्हतं. घरात ती दोघं, आणि ते नाक.

मग एका भाद्रपदात वहिनींना ताप आला. आमच्याकडचा तो हिवताप, हाडं खिळखिळी करणारा. कोयनेल घेऊन ताप उतरला, वहिनी वाचल्या, पण उठल्या तेव्हा त्यांच्या जिभेची चव गेली होती आणि वासही. मला म्हणाल्या, "तोंडात कापूस कोंबल्यासारखं वाटतं गं. गूळ आणि माती सारखीच." आधी आम्ही म्हटलं, अशक्तपणा आहे, होईल. दसरा गेला, संक्रांत गेली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "चव येईल, पण बाईंनी खात राहिलं पाहिजे." चव नाही तर खायचं कसं? वहिनी दोन घास खाऊन हात धुवायच्या. अंगावरची चोळी लोंबायला लागली. बांगड्या कोपरापर्यंत वर जाऊ लागल्या.

स्वयंपाक मग आम्ही शेजारणी आळीपाळीने पोचवायचो. आणि मला भावजींचा खरा राग आला तो तेव्हा. कारण रोज जेवणाच्या वेळी कुडाच्या पलीकडून त्यांची तीच कुजबुज चालू. "मीठ... चिंच... मागून तिखट..." मी ह्यांना म्हणायचे, "बायको अशी झिजत चाललीय आणि ह्या माणसाला अजून खोडी काढायला सुचतात!" हे म्हणायचे, "स्वभाव."

वैशाखात कल्याणहून वहिनींच्या दादांचं पत्र आलं. पावसाने वाट बंद व्हायच्या आत गाडी घेऊन येतो, सरूला माहेरी नेतो, चारी ठाव जेवू घालू, औषधपाणी करू, पुढचं पुढे. तिसऱ्या दिवशी कुडावरून आवाज आला.

"मास्तरीणबाई, कांदा लाल झाल्यावर काळा व्हायला किती वेळ लागतो?"

"का भावजी?"

"माझ्या कांद्याला काहीच लागला नाही."

भावजी चुलीपाशी बसले होते. ज्या माणसाने जन्मात तांब्या स्वतः भरून घेतला नाही, तो! मी कुडाच्या अलीकडून सांगायचे, ते पलीकडे करायचे. "पाणी किती?" "बोटाचं पेर बुडेल इतकं." "कोणत्या बोटाचं?" भात पहिल्या दिवशी पेज झाला, दुसऱ्या दिवशी अक्षता झाला. तिसऱ्या दिवशी तो भात झाला, आणि भावजी तो ओंजळीत घेऊन मला दाखवायला मागल्या दारी आले. हात भाजले होते. "वास घ्या," म्हणाले. मी घेतला. भातासारखाच होता.

"पण हे सगळं कशासाठी?" मी विचारलं.

ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "दादा सोमवारी येतात. त्याच्या आधी रविवारी आम्ही दोघं जेवणार आहोत. समोरासमोर बसून. मी वाढणार."

नवरा-बायकोने समोरासमोर बसून जेवायचं! आज हसाल, पण त्या काळी ते ऐकून माझेच कान गरम झाले. बायका नवऱ्याच्या मागून जेवायच्या, बहुधा त्याच्याच उष्ट्या पानात.

"आणि शेवळं करणार," ते म्हणाले.

आता मात्र मी घाबरले. शेवळं म्हणजे मिरगाच्या तोंडावर रानात जमिनीतून वर येणारे कोंब. कल्याण-ठाण्याकडच्या माणसाचा जीव की प्राण. वहिनींनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी हौसेने केली होती. भावजींनी नुसता वास घेतला आणि पातेलं अंगणात ठेवायला लावलं. घाटावरच्या नाकाला तो वास ओळखीचा नव्हता. त्यानंतर वहिनींनी इतक्या वर्षांत शेवळांचं नाव काढलं नाही.

"तिने माहेरी जाऊन खाण्याआधी माझ्या हातची खावी," ते म्हणाले, आणि एवढं बोलून भात घेऊन परत गेले.

शनिवारी त्यांनी मला बाजारात नेलं. जामसरची एक म्हातारी वारलीण पाटीत शेवळं घेऊन बसली होती. भावजींनी एक जुडी उचलून हुंगली आणि नाक मुरडलं. म्हातारी म्हणाली, "हुंगतंस काय? फूल हाय काय तें? ही काकडां ने. मूठभर घाल, नायतं गला खाजंल."

काकडं म्हणजे एका रानझाडाची हिरवी आंबट-तुरट फळं. शेवळांची खाज तीच मारतात. भावजींनी एक फळ दातांखाली धरलं आणि त्यांचा चेहरा आक्रसला. "फार तुरट आहे. ह्याने भाजी बिघडेल."

"माझा नको ऐकूस," म्हातारी म्हणाली, "गला तुझा हाय."

मीही बजावलं, "भावजी, मूठभर म्हणजे मूठभर."

"बरं, बरं."

रविवारी सकाळपासून वहिनींना माझ्या ओट्यावर आणून बसवलं. घरात पाऊल टाकायची बंदी. आतून पळी पडल्याचा आवाज आला की त्या उठायच्या, मी बसवायचे. "इकडच्या स्वारीला वेड लागलंय," त्या म्हणाल्या. "मला कळायचं का काही? कशाला हा खटाटोप?" बोलत होत्या तशा, पण त्या दिवशी त्यांनी केसांत माझ्या दारचा मोगरा माळला होता. वास येत नसताना.

दुपारी हाक आली. "यावं!" वहिनी आत गेल्या. मी चुलीपाशी येऊन कुडाला कान लावला. लावला, खोटं कशाला सांगू?

"ह्या पाटावर बसा," भावजी म्हणाले.

"आणि आपण?"

"मी समोर."

"इश्श! कुणी पाहिलं तर?"

"दार लावलंय. फक्त मास्तरीणबाई ऐकतायत."

मी कान काढला, आणि परत लावला.

मग तीच कुजबुज सुरू झाली, आणि मला पहिल्यांदा ती पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत नीट ऐकू आली. भावजी खोडी काढत नव्हते. ते सांगत होते. "हा वरणाचा घास. आधी तूप येतं, मऊ. त्याच्या मागून मीठ, मग हळूच जिरं. आता लिंबू पिळलंय, ते गालांच्या आत चिमटा काढतंय. कळलं?" आणि वहिनी म्हणत होत्या, "हं. मग?" "मग गिळायचं." "बरं." भाद्रपदापासून, इतके महिने, रोज दोन्ही वेळा, हा माणूस बायकोला प्रत्येक घास सांगत होता आणि त्याच्या सांगण्यावर ती दोन घास का होईना, गिळत होती. ज्या माणसाला मी इतके महिने मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्याची क्षमा कुडातून कशी मागायची?

"आता शेवळं," भावजी म्हणाले. "ह्यांचं मला सांगता येणार नाही. मी कधी खाल्ली नाहीत. आपण दोघं बरोबरच खाऊ."

मग भावजींचं खाकरणं. मग मोठ्याने खाकरणं. मग तांब्या कलंडला.

"काकडं किती घातलीत?" वहिनींचा आवाज.

"दोन."

"दोन?"

"तुरट लागू नये म्हणून..." पुढे शब्द फुटेना. जव्हारातला सगळ्यात बोलका घसा बंद पडला.

मी आमसुलांची बरणी उचलली आणि मागल्या दाराने आत घुसले. भावजी उभे होते, जीभ बाहेर काढून दोन्ही हातांनी गळा चोळत, डोळ्यांतून पाणी. आणि वहिनी पानावर बसल्या होत्या, त्यांनीही गळ्याशी हात धरला होता, आणि त्या हसत होत्या. हसत होत्या की रडत, मला कळेना.

"खाजतंय गं!" त्या मला म्हणाल्या. "मला खाजतंय! जिभेला, टाळ्याला, सगळीकडे!"

"आमसूल चोखा आधी," मी म्हटलं आणि दोघांच्या हातांवर दोन-दोन ठेवली.

भावजींनी तोंडात टाकली आणि भिंतीला टेकून खाली बसले. वहिनींनी एक जिभेवर ठेवलं. हसू थांबलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, जास्त झालं की काय. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "आंबट."

भावजी उठून गुडघ्यांवर पुढे आले. आवाज घोगरा. "काय म्हणालीस?"

"थोडंसंच. लांबून आल्यासारखं. पण आंबट आहे."

त्यांनी दुसरं आमसूल पुढे केलं. मग मीठ आणलं. मग गूळ. गूळ तेवढा अजून कळत नव्हता. मिठाशी मात्र वहिनींनी मान हलवली. भावजी मिठाचा दगडी सट मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिले. मी बरणी तशीच ठेवून निघाले. दारातून मागे वळून पाहिलं तर वहिनी भात कालवत होत्या, आणि पान अर्धं होऊन गेलं होतं.

सोमवारी दादा आले. चांगला भला माणूस. बहिणीला ओट्यावर उभी बघून म्हणाले, "सरू, तयारी झाली ना?" वहिनी म्हणाल्या, "मी येत नाही दादा. दिवाळीला येईन, भाऊबीजेला." आणि कालची सगळी हकिकत सांगितली. दादा आधी रागावले, मग शेवळांपाशी पोचल्यावर इतके हसले की बैल बुजले. जेवले, ओसरीवर आडवे झाले. त्यांच्या चेहऱ्यावरूनही ओझं उतरल्यासारखं झालं होतं.

दुपारी वहिनींनी मला ट्रंक रिकामी करायला बोलावलं. ती भावजींनीच आठवड्यापूर्वी भरून ठेवली होती. म्हणजे त्यांनी बायकोला अडवायचं कधी मनातही आणलं नव्हतं. रविवारचं जेवण निरोपाचं होतं. वर लुगडी, नीट घड्या घातलेली, कोपऱ्यात ओव्याची पुरचुंडी, नागलीच्या सत्त्वाचा डबा. तळाशी पितळेची दोन ताटं. घरात तेवढीच होती.

वहिनींनी ती बाहेर काढून बघितली. "दोन कशाला? आपण कशात जेवणार होतात?"

भावजी दारात उभे होते. पगडी हातात, नजर खाली.

"मला केळीचं पान पुरलं असतं," ते म्हणाले. "तुला तिकडे एकटीला वाढतील. समोर दुसरं ताट मांडलेलं असलं, रिकामं का असेना, की माणूस चार घास जास्त खातो."

वहिनींनी दोन्ही ताटं पदराने पुसली आणि फडताळावर एकावर एक ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मास्तरीण, तुझं पोळपाट-लाटणं देतेस का गं? आज दादांसाठी पुरणपोळ्या करते. बघू, गूळ कळतो का."