कळवतो म्हणणारे गेनूमामा

गेनूमामा कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी त्या घरची मोरी बघत. रामराम झाला, वहाणा काढल्या, की धोतराचा सोगा सावरत थेट आत. घरची माणसं "अहो, अहो" करत मागं धावायची. मामा मोरीत वाकून बघायचे, पाणी कुठून जातं ते बघायचे, भांडी घासायची राख कुठं ठेवलीय ते बघायचे आणि मग बाहेर येऊन सतरंजीवर मांडी ठोकत म्हणायचे, "हां. आता बोला."

या माणसाला बरोबर घेऊन मी पुण्यात खोली शोधली. कशी शोधली ते माझं मला ठाऊक!

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. आमचं गाव अकोले तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. मामांची भाताची चार खाचरं होती, पण त्यांचा जीव रमायचा सोयरिकी जुळवण्यात. राजूरपासून संगमनेरपर्यंत कुठल्या घरात कोण लग्नाचं आहे, कुणाची भावकी भांडखोर, कुणाच्या म्हातारीची जीभ तिखट, सगळं तोंडपाठ. त्यांच्यावाचून आमच्याकडं सुपारी फुटत नसे. पैसा घेत नसत, फक्त मान घेत. एखाद्या लग्नात कुणी फेटा बांधायला विसरलं, तर जेवणाच्या पंगतीत असे मुके बसत की वरबापाला घास उतरू नये.

सत्तरच्या दशकाची ती नुकती सुरुवात होती. मी संगमनेरच्या कॉलेजातून बी. ए. झाले आणि पुण्याला एम. ए.ला नाव लागलं. नाव लागलं, पण राहायचं कुठं? मुलींच्या वसतिगृहातला कारकून वर न बघता म्हणाला, "यादीत लिहून ठेवतो." यादी दोन पानं भरून पाठपोट झालेली होती. आमचे अण्णा शाळामास्तर. त्यांनी चष्मा पुसत निकाल दिला, "महिनाअखेरपर्यंत चाळीस रुपयांच्या आत, चांगल्या घरात खोली मिळाली तर पुणं. नाही मिळाली तर मामा आहेतच."

मामा आहेतच, म्हणजे काय ते घरातल्या मांजरालासुद्धा कळलं. मामांच्या खिशात माझ्यासाठी दोन स्थळं तयार होती. अण्णांना रजा नव्हती, म्हणून माझ्याबरोबर खोली शोधायला त्यांनी पाठवलं कुणाला? मामांनाच! "घरं पारखण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही," म्हणे. कपाळ माझं. जो माणूस मला उजवायला टपलेला, तोच माझी खोली बघणार.

पहिली खोली सदाशिव पेठेत, एका पेन्शनर पोस्टमास्तरांची. स्वच्छ, उजेडाची, भाडं पस्तीस. मी मनातल्या मनात खिडकीपाशी टेबल मांडलंसुद्धा. मामा मोरीत जाऊन आले, पाणी मागितलं, पाणी आणणाऱ्या सुनेचं तोंड नीट न्याहाळलं आणि मान डोलवली. "झ्याक घर हाय."

"मग कधीपासून येणार?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

मामा उठले, टोपी सारखी केली. "बरं हाय. कळिवतो."

मला वाटलं काहीतरी अडलं असेल. रस्त्यावर आल्यावर विचारलं, तर म्हणाले, "पोरीकडच्यानं पयल्या बैठकीत हो म्हनू न्हाई. लोकं म्हनत्यात, पोर जड झाली व्हती यांना."

"मामा, खोली भाड्यानं घ्यायचीय! माझं लग्न नाही लावायचं त्या पोस्टमास्तरांशी!"

"येकच की. पोर परक्या घरात ऱ्हायला जानार, म्हंजी दिल्यावानीच झालं."

आम्ही एस.टी.नं गावी परत आलो. मामांनी रीतीप्रमाणे चार दिवस जाऊ दिले, मग माझ्याकडून कार्ड लिहून घेतलं, की आपले घर पसंत आहे. उलट टपाली उत्तर आलं. खोली आम्ही निघालो त्याच संध्याकाळी गेली होती.

दुसऱ्या खेपेला मी वाटेत नारायणगावपासून पुण्यापर्यंत त्यांना एकच गोष्ट घोकवली. आवडलं तर हो म्हणायचं. तिथल्या तिथं. मामा "व्हय व्हय" करत डुलक्या काढत होते. ते घर नारायण पेठेतलं. बाई जाडजूड, हसतमुख. मामांनी मोरी बघितली आणि गप्पांना बसले ते बसलेच. तुमचं मूळ गाव कुठलं? सुना कुठल्या? जावई काय करतात? घरात तापट कोण? बाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्या आत गेल्या. थोड्या वेळानं कांदेपोहे आले आणि पोह्यांच्या पाठोपाठ इस्त्रीचा शर्ट घातलेला, बँकेत नोकरीला असलेला मुलगा आला. समोर बसून घसा खाकरत त्यानं मला विचारलं, "स्वयंपाकाची आवड आहे का?"

मी पोह्याची बशी तशीच ठेवून उठले. जिना उतरताना मला रडू येत होतं आणि मामा मागून शांतपणे सांगत होते, "पोरगा बरा हाय गं. पन मोरी तुंबलेली. म्या न्हाई दिली तुला."

आता महिना संपायला दोन दिवस उरले होते. माझी खात्री पटली होती, की हा सगळा डाव आहे. मामांना खोली मिळूच द्यायची नाही. महिना संपला की त्यांचं राज्य! आईजवळ बोलले, तर ती म्हणाली, "दादा तसा नाही गं." तसा नाही तर कसा आहे, ते काही तिनं सांगितलं नाही.

तिसरी खोली शिवाजीनगरला. मथुराबाई म्हणून एक रिटायर नर्स होत्या, एकट्या राहायच्या. माडीवरची खोली, भाडं अडतीस. बाई मोजकं बोलणाऱ्या. "रात्री आठच्या आत घरात. आजारी पडलीस तर मला सांगायचं, लपवायचं नाही. बाकी तुझं तू," असं म्हणाल्या. मामा मोरीत गेले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. आले, पाणी प्यायले, बाईंकडं बघून समाधानानं हसले.

"बरं हाय," मामा म्हणाले, "कळि..."

मग मात्र माझा तोल गेला. त्या परक्या बाईंसमोर मी वाट्टेल ते बोलले. तुम्हाला मी शिकायला नकोच आहे, तुमच्या खिशातल्या स्थळांसाठी माझं वाटोळं करताय, असं सरळ सांगा, आजपासून तुमचं तोंड बघणार नाही. सगळं बोलून झालं. मामांनी टोपी काढली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मथुराबाई म्हणाल्या, "जा, बघ त्यांच्याकडं. रंग उडालाय त्यांचा."

मी गेले, पण रागातच. उभीच राहिले. मामा रस्त्याकडं बघत बोलायला लागले.

"सुमीच्या वक्ताला म्या पयल्या बैठकीत हो म्हनालो व्हतो."

सुमी त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन नेवाशाकडं गेली होती. मला आठवत होती ती तिच्या लग्नातली, हळदीनं माखलेली.

"तालेवार मानसं. बैलांच्या चार जोड्या. म्हातारा म्हनला, आजच सुपारी फोडू. म्या हुरळलो. घरात आत जाऊन बगायची लाज वाटली, येवढी मोठी मानसं म्हनून. सुमी सनाला येती, तर हात पदराखाली घिऊन बसती. येकदा पदर सरकला. मनगटापसून कोपरापतुर डागल्याच्या खुना. घरात काई सांडलं, फुटलं, की तिची सासू चुलीतलं लाकूड..." मामांनी हातातली टोपी झटकली. "तवापसून म्या समद्यांच्या घरात आत जाऊन बगतो. बायामानसं जितं राबत्यात तितं कळतं समदं. भिंतीला चिकटून हुब्या ऱ्हात्यात का गप्पा मारत्यात, ते."

माझा राग कुठल्या कुठं गेला. तोंडातून एवढंच निघालं, "मग तिला परत का नाही आणलीत?"

"म्या मध्यस्थ, पोरी. माझीच पोर माघारी आली, तर ज्यांच्या पोरी म्या दिल्या त्यांनी कुनाकडं बगायचं?"

किती भित्रे आहात तुम्ही, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. बोलले नाही. बरं झालं नाही बोलले.

मामा उठले, आत गेले आणि मथुराबाईंना हात जोडून म्हणाले, "घेतली खोली. आजच." आयुष्यात त्यांनी दुसऱ्यांदा पहिल्या बैठकीत होकार दिला होता.

मला सोडायला आले, तेव्हा ट्रंकेवर एक पुडकं ठेवून गेले. दहा पोस्टकार्डं. सगळ्यांवर गावच्या पोस्टमनच्या अक्षरात मामांचा पत्ता. मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणाले, "हितं काई बी झालं, कुनी वाकडं बोललं, तर यातलं येक टाक. लिवायचं काई न्हाई. कार्ड आलं की म्या निघालो. कुनाला इचारायचं न्हाई, तुज्या बापाला बी न्हाई."

मथुराबाईंच्या घरी मला काहीच झालं नाही. वर्ष संपलं. निकाल लागला, मी पहिल्या वर्गात आले आणि त्या आनंदात मामांच्या पुडक्यातलंच एक कार्ड काढून मोठ्ठ्या अक्षरात लिहून टाकलं, की मामा, मी पास झाले.

तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी दार वाजलं. मामा. टोपी घामानं भिजलेली, खांद्यावर दोरीचं वेटोळं. "ट्रंक कुठं हाय तुजी?"

"मामा, अहो, पास झाले मी! कार्डावर लिहिलं होतं की!"

"वाचून घ्यायला थांबतो व्हय?" मामा वैतागून म्हणाले आणि मटकन दारातच बसले. मग मला सणसणीत शिव्या दिल्या. इतक्या मनापासून मला कुणी शिव्या दिल्या नव्हत्या.

संध्याकाळी त्यांना एस.टी.वर सोडायला गेले. मी सहज विचारलं, "सध्या कुणाची सोयरीक जमवताय?"

"आता बोलवीत न्हाई कुनी."

"का हो?"

मामा दोरीचं वेटोळं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत म्हणाले, "शिमगा झाला नि सुमीला घिऊन आलो. तिनं काई कार्ड धाडलं न्हवतं. म्याच गेलो. ही दोरी घिऊनच गेल्तो. पन तिच्याकडं बांधायला काईच न्हवतं गं. हातातलं पोर तेवडं घेतलं तिनं, नि चालाय लागली माज्या मागं."