देवरावजींनी न खाल्लेली बासुंदी

देवरावजींना कोणी पेढा दिला, तर ते आधी देणाऱ्याचं तोंड न्याहाळत. "काहून देऊन राहिला गा?" असं सरळ विचारत. पोरगा पास झाला, एवढं साधं कारण कळलं तरी पेढा खिशात जाई, पोटात नाही.

आम्ही नागपूरच्या महाल भागात शेजारी आणि कामालाही एकाच कापड गिरणीत. एकदा मालकांनी फुकट जिलेबी वाटली, वर पडदा लावून सिनेमा दाखवला. आम्ही ताव मारत होतो आणि हे कोपऱ्यात घरची भाकर मोडत होते. "गोड जास्त झालं का समजाव, कडू मागून येऊन राहिलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढच्याच आठवड्यात माणशी दोनाचे चार माग झाले. जिलेबी खाल्लेलं एकही तोंड उघडलं नाही. त्यानंतर आम्ही देवरावजींना पंगतीला बोलावणंच सोडलं.

मग त्यांच्या सुमनचं लग्न जमत आलं. मुलाचं गांधीबागेत कापडाचं दुकान होतं. आई नसलेली पोर, चांगलं स्थळ. म्हणून घर पाहायला मीही सोबत गेलो. बसल्याबसल्या बासुंदी आली. मी दुसऱ्या वाटीवर होतो, देवरावजींनी पहिलीला हात लावला नव्हता. हा माणूस सोयरीक मोडणार, म्हणून मी त्यांना कोपरानं ढोसत होतो.

तेवढ्यात त्या घरची थोरली सून पुऱ्या वाढायला आली. हाडाची काडं झालेली.

"बाई, सकाळपासून काही खाल्लं का वं?" देवरावजींनी विचारलं.

तिनं सासूकडे पाहिलं.

"तिले भूकच कमी हाय," सासू हसून म्हणाली.

देवरावजी हात जोडून उठले.

रस्त्यात मी चिडलो. "कायले उठले? लोकांनी एवढं प्रेमानं वाढलं."

"माह्या बहिणीच्या वक्ताले बी असंच वाढलं गा. तिकडं कुही गावाले. बाप पोटभर जेवला अन् काहीच न इचारता हो म्हणून आला. थे उपाशी मेली तिथं."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते थांबले.

"सुमनले पोरगा लय पसंत होता," ते म्हणाले. "तू जा पुढं, सांग तिले. मले नाही जमत."

आणि कुणाच्या तरी ओट्यावर बसून ते उपरण्यानं डोळे पुसू लागले.