मेंदू सादर करणेबाबत

जिल्ह्यातल्या प्रत्येक बालकाला मेंदू असतो, ही बाब आजवर कोणताही पुरावा न मागता गृहीत धरली जात होती. सागरतारा बालविद्यामंदिराने यंदापासून हा ढिसाळपणा बंद केला. पहिलीच्या प्रवेश अर्जात सातव्या क्रमांकावर नवा रकाना आला : 'पाल्याचा मेंदू : डावा / उजवा. (नको तो खोडावा. दोन्ही ठेवल्यास अर्ज बाद होईल.)'

तोंडवलीच्या आकांक्षाने हा रकाना तीनदा वाचला. ती बी.एस्सी. होती, त्यामुळे चौथ्यांदाही वाचला. तिची संचिता सहा वर्षांची. गावातली शाळा पट कमी म्हणून बंद झालेली, आणि दारापर्यंत गाडी पाठवणारी शाळा ही एकच. नवरा सुशांत मुंबईला नोकरीला. त्याने फोनवर सल्ला दिला, "खोड ना काहीतरी एक." जणू घरातलं जुनं कपाट काढायचं होतं.

पण खोडायचा अधिकार पालकांना नव्हताच. पालकसभेत मुख्याध्यापिका मेल्विना टीचरांनी खुलासा केला, "डाव्या मेंदूची मुलं गणित करतात, उजव्या मेंदूची मुलं चित्रं काढतात. एकत्र बसवली तर एकमेकांचं लागतं. म्हणून वर्गाच्या मधोमध प्लायवूड घातलंय. कोणाचा मेंदू कुठला, ते बोटांच्या ठशांवरून यंत्र सांगेल."

त्या दिवसापासून आकांक्षा पोटच्या पोरीवर पाळत ठेवू लागली. दिवस काजूचे. सासूबाई मथुरा अंगणात पोतं अंथरून ओल्या काजी चिरत आणि संचिता शेजारी बसून गर सोडवी.

"आई, बत्तीस गर," संचिता म्हणाली. "आपण चौघं. आठ-आठ."

आकांक्षाने वहीत 'डावा' असं लिहिलं. तेवढ्यात संचिताने ते बत्तीस गर केळीच्या पानावर मांडून त्यांचा सरंगा मासा केला, शेपटीसकट. डोळ्याच्या जागी करवंद. आकांक्षाने 'उजवा' लिहिलं. मग वही मिटून डोकं धरलं. तेही कुठल्या बाजूने धरावं, कळेना.

चाचणीच्या दिवशी शाळेत सर्वेश नावाचे मस्तिष्क समुपदेशक बसले होते. दोन वर्षांपूर्वी ते कुडाळच्या बाजारात छत्रीखाली बसून सिमकार्डं विकत. यंत्र तेच होतं, हुद्दा नवा होता. संचिताने एकेक करून दहाही बोटं यंत्रावर ठेवली. यंत्राने लाल दिवा दाखवला. पुसून ठेवली, पुन्हा लाल. समुपदेशकांनी यंत्राला दोन चापट्या मारल्या आणि गंभीर झाले.

"मॅडम, मेंदू येत नाहीये."

"येत नाहीये म्हणजे?"

"म्हणजे असेलही. पण सिस्टीमला दिसत नाही. डावा शून्य, उजवा शून्य."

"अहो, ती मघाशी तुमच्या भिंतीवरच्या फरश्या मोजत होती! एकशे आठ आहेत म्हणाली."

"ते तिचं वैयक्तिक मत झालं," समुपदेशक म्हणाले आणि त्यांनी पावती फाडली : 'मेंदू अप्राप्त. पंधरा दिवसांत सादर करावा, अन्यथा प्रवेश रद्द.'

गाडीत बसल्यावर आकांक्षाने लेकीची बोटं उलटी करून पाहिली. काजूच्या चिकाने शेंडे सोलवटून गुळगुळीत झाले होते. ठसा नावालाही उरला नव्हता. ती घरात शिरली ती थेट अंगणात.

"आई, तुमका सांगलंय ना, तिका काजीकडे बसवू नकात म्हणान? आता शाळेत म्हणतत, चेडवाक मेंदूच नाय!"

"मेंदू नाय?" मथुराबाईंचा सुरा हवेतच थांबला. "मगे आठ-आठ वाटे कोणी केले गो? माझ्या मांजरान?"

"ता त्यांका सांगून चालना नाय. आजपासून ती एका काजीक बोट लावूची नाय. सांगान ठेवतंय."

मथुराबाईंनी नातीच्या बोटांना खोबरेल चोपडलं. पण कातडी शाळेच्या मुदतीत उगवायला तयार नव्हती. आकांक्षा ग्रामसेवकांकडे गेली. ते म्हणाले, "रहिवासी दाखला देतो. मुलगी रहिवासी आहे एवढं लिहीन. तिचा मेंदू इथेच राहतो, याची आमच्याकडे नोंद नाही." मग ती आरोग्य केंद्रात गेली. डॉक्टरांनी संचिताला तपासलं, दोन प्रश्न विचारले, हसले आणि लेटरहेडवर लिहून दिलं की बालिकेचा मेंदू सुस्थितीत असून सर्व माणसांप्रमाणे त्याच्या दोन्ही बाजू एकत्र काम करतात.

तो कागद आकांक्षाने छातीशी धरून शाळेत नेला. मेल्विना टीचरांनी तो वाचला, चष्मा काढला आणि हळहळल्या.

"अगं बाय माझे, हे काय आणलंस? इथे स्पष्ट लिहिलंय, दोन्ही. दोन्ही असल्यास अर्ज बाद. आधी अर्ज निदान अपूर्ण होता, तो बरा होता."

आता तीन दिवस उरले. शाळेबाहेर सर्वेश भेटले. कचेरीची मराठी त्यांनी खिशात ठेवली आणि आवाज उतरवून म्हणाले, "वयनी, एक सांगू? मशीन नाव बघणा नाय. धा बोटां बघता."

दहा बोटं! आकांक्षाने स्वतःची पाहिली. सोललेली. मथुराबाईंची तर चाळीस वर्षांपूर्वीच गेलेली. वाडीतल्या झाडून सगळ्या बायकांच्या हाताला हंगामात ठसा नव्हता. वाडीभर काजीला बोट न लावलेला एकच माणूस निघाला : पडवीतल्या आरामखुर्चीतले सासरे, हरिश्चंद्र.

दुर्गम भागासाठी घरपोच सेवा या सदराखाली यंत्र तोंडवलीला आलं.

"घे बाबा, धाय घे," हरिश्चंद्रांनी दोन्ही हात पुढे केले. "माझी अशीच पडान आसत."

"चाळीस वर्सां बघतंय, ह्या माणसान इकडची काडी तिकडे केली नाय," मथुराबाई म्हणाल्या. "आज उपेग झालो."

हिरवा दिवा पहिल्याच बोटाला लागला.

चौदा पानी अहवाल आला. बालिका संचिता : डावा मेंदू एकाहत्तर टक्के. गणितात असामान्य गती. नेतृत्वगुण उत्तम, कामे इतरांकडून करवून घेण्याकडे नैसर्गिक कल. शारीरिक श्रमांची ॲलर्जी संभवते. दुपारी बारा ते चार आकलनशक्ती मंद.

"ह्यां मात्र खरां हा," मथुराबाई म्हणाल्या.

मॅट्रिकला गणितात तीनदा आपटलेले हरिश्चंद्र त्या दिवसापासून बदलले. अहवाल काखेत मारून ते न्हाव्याकडे गेले, टपरीवर गेले. "माझो मेंदू डावो होतो, ह्यां माका वेळेर कोणी सांगूकच नाय," असं म्हणून सुस्कारे टाकू लागले.

प्रवेश झाला. संचिता प्लायवूडच्या डाव्या बाजूला बसली. तिचे खडू कार्यालयात जमा झाले, पोच मिळाली. पालकांसाठी सूचना होत्या, आणि आकांक्षाने त्या स्वयंपाकघरात चिकटवल्या. दुपारी बारा ते चार ती लेकीला काही शिकू देत नसे. किनाऱ्यावर संचिताने वाळूत गलबत काढलं, तर आकांक्षा आजूबाजूला पाहून ते पायाने पुसून टाकी. पोरीने एकदा विचारलं, "आई, गलबतानं काय केलं?" आकांक्षाने घरी येऊन अहवालाची चौदाही पानं चाळली. गलबताचा उल्लेख कुठेच नव्हता.

दिवाळीनंतर परिपत्रक आलं. दर वर्षी मार्चमध्ये मेंदूची फेरपडताळणी होईल. बाजू बदललेली आढळल्यास पालकांनी शाळेची फसवणूक केली असे समजून प्रवेश रद्द होईल. ज्यांचे ठसे उमटणार नाहीत, त्यांचा गतवर्षीचा अहवाल कायम राहील.

आकांक्षाने लेकीची बोटं उजेडात धरली. दहाही शेंड्यांवर बारीक, नाजूक, नव्या कोऱ्या रेषा उगवल्या होत्या. तिच्या स्वतःच्या. आजोबांच्या रेषांशी त्यांचं काही नातं नव्हतं.

मार्च उजाडला. अंगणात पोतं या वेळी आकांक्षानेच अंथरलं. काजी तिनेच चिरल्या. मथुराबाई खोबरेलाची बाटली घेऊन आल्या, तशी ती म्हणाली, "आई, तेल नको."

"गो, चेडवाचे हात जळतले!"

"माका म्हायत आसा," आकांक्षा म्हणाली आणि तिने मान फिरवली.

संचिता गर सोडवत राहिली. मध्येच बोटं फुंकत राहिली. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "आई, चाळीस झाले. गलबत करू?"

आकांक्षाने उठून फाटकाची कडी लावली. "कर," ती म्हणाली. "पण शाळेत सांगू नको."

एवढं वाचेपर्यंत आपण आपला अंगठा एकदा तरी उजेडात धरून पाहिला असेल. हरकत नाही. फक्त आधी डावा पाहिलात की उजवा, ते कुठेतरी टिपून ठेवा. पुढच्या अर्जात तोही रकाना आहे.