अक्काची खुर्ची आणि फत्तेसिंगाचे बैल

देवासच्या टेकडीवर चढायला पायऱ्या आहेत, हे मला मान्य आहे. पण पायऱ्या म्हणजे काही शास्त्र नव्हे! मी देवासच्या दोन संस्थानांपैकी थोरल्या पातीच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर, पुण्याला शिकून आलेला, आणि एका विलायती सचित्र पत्रात मी एक चित्र पाहिलं होतं. जर्मनीत कुठल्याशा बर्फाच्या डोंगरावर पाणचक्कीनं एक लांब दोर फिरत राहतो, आणि पायांना फळ्या बांधलेली माणसं तो धरून, एक पाऊलही न टाकता, वर जातात. तेव्हापासून मला झोपेत डोंगर दिसायचे आणि त्यांच्यावरून माणसं तरंगत जायची. बायको म्हणायची, निदान कचेरीत जाताना तरी डोळे उघडे ठेवा.

पण हे नुसतं स्वप्न राहिलं असतं, अक्का नसती तर. अक्का म्हणजे माझी थोरली आत्या. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं. लहानपणी मला देवी आल्या तेव्हा हिनं टेकडीवरच्या माताजीला नवस बोलला होता, की पोर जगलं आणि दरबारच्या चाकरीला लागलं तर नर्मदेचं पाणी माझ्या हातानं तुला घालीन. पोर जगलं, चाकरीला लागलं, खातेगांवच्या पाहुण्यांनी नर्मदाकाठच्या नेमावरहून पाणीही आणून दिलं. तोवर अक्काचे गुडघे गेले होते. पाण्याचा तांब्या देव्हाऱ्यात, आणि अक्का ओसरीवर बसून टेकडीकडे बघतेय, हे मला रोज जाता-येता दिसायचं.

डोलीचं नाव काढलं की म्हणायची, "लोकांच्या खांद्यावरून माणसानं एकदाच जावं, चिंतू. तेव्हा मी काही बोलणार नाही, न्या खुशाल."

आता मला सांगा, अशा वेळी शास्त्र कामाला आणायचं नाही तर कधी?

माझी योजना अगदी साधी होती. देवळाखालच्या कातळापासून पायथ्याच्या चिंचेपर्यंत जाड तारेचा दोर ताणायचा. त्यावर दोन चाकं, चाकांखाली माझ्या कचेरीतली वेताची खुर्ची. दुसरा दोर खुर्चीपासून वरच्या कप्पीवरून फिरून खाली बैलांच्या जुवाला. बैल मैदानात पुढे चालले की खुर्ची वर! आपल्याकडे पाणचक्की नाही, पण मोट आहे. मोटेचे बैल पुढे चालतात, मोट वर येते, विहिरीच्या काठावरचा माणूस ती रिती करून आरोळी देतो, आणि बैल मागच्या पावलांनी परत येतात. जर्मन लोकांना हे सुचलंच नव्हतं.

बैल होते फत्तेसिंगाचे. हा आमच्या सरकारी बागेत मोट हाकायचा, आणि त्याला बैलांचा माझ्या शास्त्राइतकाच गर्व होता.

"सा'ब, म्हारा बैल तो इंजन है," तो म्हणाला. "एक हाँक पे आगे, एक हाँक पे पाछा. चूक होणे को सवालच नी."

ज्वारीची पोती चढवून पाहिली. ती इतकी अलगद वर गेली की पुजारीबुवांनी त्यांना कुंकू लावलं. आमचे कारभारी बळवंतराव खूश झाले आणि धाकट्या पातीच्या मंडळींना मुद्दाम बघायला बोलावून बसले. माघातला शुक्रवार ठरला. वर देवळापाशी आणि खाली चिंचेपाशी मिळून सारं गाव लोटलं.

अक्का नवं लुगडं नेसून, मांडीवर तांब्या घेऊन खुर्चीत बसली. मी पट्टा आवळला. फत्तेसिंगानं हाक दिली, बैल निघाले, आणि माझी अक्का जमिनीवरून उचलली गेली. काय सांगू! पायऱ्यांवरची माणसं मान वर करून बघत राहिली. सकाळच्या उन्हात तिचं लुगडं हळूहळू लहान होत चाललं होतं. माझ्या झोपेतलं चित्र दिवसाउजेडी वर जात होतं, आणि मला रडूच आलं.

खुर्ची वर पोचली. पुजारीबुवांनी धरायला हात पुढे केला. तेवढ्यात वरच्या सगळ्या लोकांनी भक्तीनं आरोळी ठोकली, "जय माताजी की!"

बैलांनी कान टवकारले आणि ते मागच्या पावलांनी परत निघाले. कुणीतरी आरोळी दिली म्हणजे मोट रिती झाली, हेच त्यांना जन्मभर शिकवलेलं. पोत्यांसाठी जयजयकार कोण करणार? म्हणून हे मला आधी कळलंच नव्हतं. बुवांचा हात तसाच राहिला आणि अक्का तांब्यासकट खाली माझ्यापाशी आली.

मी बैल पुन्हा पुढे घालायला सांगितलं आणि लोकांना विनवलं की कृपा करून माताजीचं नाव घेऊ नका. झालं! ओव्हरसियरसाहेबांनी देवीचं नाव बंद केलं, ही बातमी माझ्याआधी वर पोचली. दुसऱ्या खेपेला अक्का वर गेली तेव्हा आरोळी दुप्पट झाली, आणि त्यात बळवंतरावांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. अक्का पुन्हा खाली.

आता लोक कुजबुजू लागले, की देवी म्हातारीला घेत नाही, काहीतरी चुकलंय. अक्कानं ते ऐकलं. तिनं तांब्यावर पदर ओढला. 

मी बैलांच्या कानांत कापूस कोंबला. तिसऱ्या खेपेला बैल अर्ध्यापर्यंत गेले आणि उभे राहिले, कारण आता त्यांना फत्तेसिंगही ऐकू येईना. फत्तेसिंगानं त्यांच्या नावानं टाहो फोडला, मी शेपट्या पिळल्या, धाकट्या पातीचे लोक पोट धरून हसले. वर अक्का अधांतरी.

मी घाबरून वर पाहिलं. खुर्ची वाऱ्यावर पाळण्यासारखी हलत होती. अक्का तलावाकडे बघत होती, त्याच्या पलीकडे अफूची पांढरी शेतं आभाळापर्यंत गेलेली, आणि ती हळू आवाजात ओवी म्हणत होती. आमचा सगळा गोंधळ तिच्या पायांखालून कुठंतरी लांब चालला होता. ते बघून मीही क्षणभर शेपटी सोडून तसाच उभा राहिलो.

मग कापूस काढला, मी स्वतःच जयजयकार केला आणि अक्काला खाली घेतलं.

मी तिच्या पायांशी बसलो. म्हटलं, "अक्का, माझं चुकलं. माझ्या पाठीवर बसतेस का? मी नेतो."

"बसते की," ती लगेच म्हणाली. "तुला मी कडेवर घेऊन चढलेच होते. लेकराची पाठ म्हणजे काही लोकांचा खांदा नव्हे."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं? तू तर चाकं बसवत होतास."

तर अशा रीतीनं पुण्याला शिकलेला ओव्हरसियर आत्याला पाठीवर घेऊन देवासची टेकडी चढला. अर्ध्या वाटेत माझी जीभ बाहेर आली तेव्हा ती कानाशी म्हणाली, "खुर्ची बरी होती रे, चिंतू. इथून तलाव दिसत नाही."

शेवटच्या पायरीवर पोचलो. पुजारीबुवांनी हात पुढे केला, लोकांनी जयजयकार केला, आणि खोटं कशाला सांगू, माझा पाय आपोआप एक पायरी मागे आला.

अक्कानं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "पुढे, बैला."