दक्षिणेचा बाण

वामनरावांच्या चहाला फिनाईलचा वास आला, तेव्हा ते कप हातात घेऊनच शेजारच्या देवरावांच्या दारात येऊन उभे राहिले.

"घ्या, एक घोट घ्या," ते म्हणाले. "अन् मंग सांगा, आमच्या नळात काय टाकून राहिले तुमी?"

देवरावांनी नळात काहीच टाकलं नव्हतं. त्यांची बायको इंदुताई पोटाचं ऑपरेशन होऊन बावीस दिवस दवाखान्यात पडली होती. तिथल्या चादरी देवराव घरी आणत आणि टबात फिनाईल ओतून भिजवत. किती ओतायचं हे सांगणारं माणूस घरात नव्हतं, म्हणून अर्धी बाटली ओतत. टब भरायला लावलेली रबरी नळी तशीच पाण्यात बुडालेली राहिली, नळही उघडाच राहिला. त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जिल्हा कचेरीत तीस वर्षं फायली चोख ठेवलेल्या या माणसाला आता मरणाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

लहानू प्लंबर आला. त्याने टब पाहिला, नळी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"साहेब, सात वाजता नळ गेला का रस्त्यावरची लाईन खाली होते. खाली झाली का ते उलटी ओढते. तुमच्या टबातलं पाणी नळीतून लाईनमधी गेलं, अन् तिथून वामनरावच्या चहात."

"असं याच्या आधी कधी झालं नाही गा."

"बाई नळ गेल्याबरोबर कॉक बंद करत असन. ते दवाखान्यात गेल्यापासून तुमची टाकीही अशीच वापस खाली होत असन."

इंदुताई रोज सात वाजता अंगणात जाऊन काहीतरी पिळत असे, एवढं देवरावांना आठवलं. सव्वीस वर्षांत ती काय पिळते, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

डॉक्टरांनी इंदुताईला शुक्रवारी घरी न्यायला सांगितलं होतं. "जखम स्वच्छ ठेवा, पाणी भरपूर लागेल. पुन्हा ताप चढला तर मात्र मी काही सांगू शकत नाही," असंही म्हणाले होते. देवरावांनी त्यातलं शेवटचंच वाक्य घरी आणलं होतं.

"मंग कॉक बंद करायचं मले ध्यानात नाही राह्यलं तर?" त्यांनी विचारलं.

"नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. आत झडप असते. पाणी आत येईन, पण वापस जाणार नाही. तुमचा टब तुमच्यापाशी, वामनरावचा चहा वामनरावपाशी."

बुधवारी सकाळी टाकी काठोकाठ भरल्यावर लहानूने तो पितळी व्हॉल्व्ह पाइपात बसवला. देवराव वाकून पाहू लागले. व्हॉल्व्हच्या अंगावर एक बाण कोरलेला होता.

"हा बाण कायचा?"

"पाणी कोणीकडं जाते त्याचा. रस्त्याकडून घराकडं."

रस्ता घराच्या उत्तरेला होता. देवरावांनी हाताने दिशा मोजली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हंजे दक्षिणेकडं? लहान्या, परवा घरात पेशंट येऊन राहिला, अन् तू दारातच यमाच्या दिशेनं बाण लावतं? फिरव तो!"

"साहेब, बाण पाण्यासाठी हाये. यमाले व्हॉल्व्ह लागत नाही."

"फिरव म्हणतो ना!"

लहानूने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा पान्याकडे पाहिलं. "तुमचं घर, तुमचा यम," असं पुटपुटत त्याने व्हॉल्व्ह उलटा केला. बाण उत्तरेला गेला आणि देवरावांनी बावीस दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवून झोप काढली.

ते झोपले असताना वामनरावांच्या नळाला भरदुपारी पाणी आलं. वामनरावांनी घागरी भरल्या, पिंप भरलं, सायकल धुतली आणि दुपारचं पाणी सोडल्याबद्दल गल्लीत उभं राहून नगरपालिकेला दुवा दिला. संध्याकाळी देवरावांनी नळ उघडला तेव्हा त्यातून सूं असा आवाज आला, पाणी नाही. टाकी कोरडी होती. गुरुवारी पहाटे साऱ्या गल्लीत नळ आले, देवरावांकडे थेंब आला नाही.

लहानूने परत येऊन समजावलं. "उलटी झडप, साहेब. होतं ते गेलं, नवं येणार कसं?"

वामनरावांनीही समजावलं. काल आपण सायकल धुतली ते पाणी कोणाचं, हे कळल्यावर ते जरा ओशाळले होते.

"पाणी नाही आलं तरी चालन," देवराव म्हणाले. "यम नाही आला पायजे." आणि ते दोन बादल्या घेऊन वामनरावांच्या नळावर गेले. कमरेत कळ येईपर्यंत त्यांनी पाणी वाहिलं. त्यात निम्मं अंगणातच सांडलं.

शुक्रवारी इंदुताई रिक्षातून उतरली. ती इतकी वाळली होती, की देवरावांना तिच्याकडे सरळ बघवेना. तिला खाटेवर निजवून त्यांनी एक तांब्या पाणी आणलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "काहून जी, टाकी फुटली का?"

देवरावांनी सगळं सांगितलं. टब सांगितला, चहा सांगितला, बाण सांगितला. इंदुताई डोळे मिटून ऐकत होती.

"म्हंजे आता बाण घरातून बाहेर चालला," ती हळूच म्हणाली.

"हो. उत्तरेले."

"अन् बाहेर गेलेलं वापस येत नाही. हेच ना जी त्याचं काम?"

"हो, तसंच म्हणून राहिला होता लहान्या."

"मंग या घरातून सध्या जायच्या वाटेवर कोण हाये, याचा काही विचार केला का तुमी?"

देवराव चप्पल न घालता धावत सुटले. लहानू जेवायला बसला होता, त्याला त्यांनी हातही धुवू न देता ओढत आणलं. "फिरव!" ते ओरडत होते. "आत! बाण आत कर! काहीच बाहेर जाऊ देऊ नको!" लहानूचे हात चालत होते तोवर देवराव दोन्ही हातांनी पाइप घट्ट धरून बसले होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

शनिवारी पहाटे टाकी भरली. सात वाजता नळ गेला, पण टाकी तशीच भरलेली राहिली. देवरावांनी घंगाळात पाणी तापवलं आणि इंदुताईची मान हातावर तोलून, जखमेवर थेंबही जाऊ न देता, तिचे केस धुतले. हे काम त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं.

"बरं झालं तुले सुचलं वं," ते म्हणाले. "केवढ्या धोक्यात होतो आपण."

इंदुताईचे डोळे मिटलेलेच होते.

"कायचा धोका जी," ती म्हणाली. "डोक्यात उवा झाल्या होत्या. मले केस धुवायचे होते."