किर्शेच्या विरोधात कॉलनीचं निवेदन

कान असावा तर माह्यासारखा! कोराडीच्या वीजकेंद्रात पंपाचा नुसता आवाज ऐकून सांगतो, कोणती बेअरिंग गेली ते. अन् अशा माणसाले घरची बायको म्हणते, "तुम्हाले ऐकूच येऊन नाही राहिलं!"

माही बायको रीना नर्स आहे. तिले जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरी लागली. जर्मन भाषेत ती चौथ्या पायरीवर, मी पहिल्या. पहिल्या पायरीची परीक्षा पास झालो तरच मले तिच्यासंग जाता येते. नाही तर बाईसाहेब एकट्याच! म्हणून रोज मोबाईलवर मले शब्द ऐकवे.

"किर्शे. किर्शे."

"दोन्ही एकच!" मी म्हटलं.

"एक चर्च आहे अन् एक चेरी. नीट ऐका नं जी!"

"अवं, कानात तेल घालून ऐकलं!"

"मलेही पहिले फरक ऐकू येत नव्हता. भाषा मुरली का कान आपोआप उघडते."

म्हणजे माहा कान बंद? टाळकंच सरकलं माहं! मोबाईल हिसकला अन् साऱ्यांले ऐकवत निघालो. बाबा म्हणे, एकच. आई म्हणे, "एकच तर आहे! काहून छळून राहिली पोराले?" आमच्या कॉलनीचे अध्यक्ष बापूजींनी तर डोळे मिटून ऐकलं अन् गरजले, "जितेंद्र, हा सरासर अन्याय आहे गा! निवेदन देऊ!"

आमच्या कॉलनीत नळ आला नाही, निवेदन. नाली तुंबली, निवेदन. मग जर्मन भाषा काय आभाळातून पडली? 'दोन्ही आवाज एकच असल्याने सदर प्रश्न परीक्षेतून वगळण्यात यावा.' खाली साऱ्या कॉलनीच्या सह्या!

माहा पेपर दहाले होता. मी म्हटलं, नऊले निवेदन देऊ अन् तसाच वर जाऊन पेपर देतो. एका चकरेत दोन्ही कामं!

सारी कॉलनी घेऊन परीक्षा केंद्राच्या गेटवर पोचलो. "नही चलेगी, नही चलेगी, दो आवाज नही चलेगी!" मग बापूजींनी भाषण सुरू केलं, तेही कॉलनीच्या नालीपासून. रीना माही बाही ओढून राहिली, "अहो, वर चला नं!"

"थांब वं! इज्जतीचा सवाल आहे!" मी तिच्यावरच खेकसलो.

शेवटी केंद्राच्या प्रीती मॅडम खाली आल्या. निवेदन वाचलं.

"तुमची परीक्षा कोणती?"

"पहिल्या पायरीची!"

"अहो, त्या परीक्षेत हे विचारतच नाहीत. नवख्या माणसाला हा फरक ऐकू येत नाही, हे आम्हाला माहीत आहे."

मी रीनाकडे डोळे वटारून पाहिलं! ती म्हणाली, "तिथं गेल्यावर कामी पडन म्हणून आत्तापासूनच कान तयार करून राहिली होती तुमचा."

"आधी सांगता नाही आलं?" मी ओरडलो.

"सांगत होती! तुम्ही ऐकलं कवा? सह्या गोळा करत हिंडत होते!"

प्रीती मॅडमनं घड्याळ पाहिलं. "जितेंद्र तुम्हीच का? दहाला दार बंद झालं. त्याआधी मी खिडकीतून किती हाका मारल्या तुम्हाला! पण तुमच्या घोषणा चालू होत्या. आता पुढच्या परीक्षेला या."

रीनाचं विमान पुढच्याच आठवड्यात होतं. घोषणा बंद. बापूजी चप्पल शोधू लागले. रीनाचे डोळे भरले, मग लाल झाले, अन् ती मले जर्मनमध्ये काहीतरी बोलली. चांगलं लांबलचक. प्रीती मॅडमनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"काय म्हणाली गा सूनबाई?" बापूजींनी हळूच विचारलं.

मी घाम पुसला अन् म्हटलं, "काही नाही. शुभेच्छा देऊन राहिली."