पहिला नंबर बेंबळीला

तुळशीराम बनसोडे या माणसाविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की मी त्याच्या खेळाचे किस्से सांगायचो. लोक हसायचे आणि त्या हसण्यात खरी गोष्ट राहून जायची. ती राहून जावी म्हणूनच मी किस्से सांगायचो. आता माझं वय सत्त्याहत्तर आहे. किस्से याही वेळी सांगणार आहे, पण शेवटपर्यंत जाणार आहे. शेवटी एक दगड आहे. तो मी लावला होता.

तर आधी खेळ.

कॉम्प्युटरवर लढाईचा एक खेळ असतो. एका वेळी चौसष्ट माणसं आपापल्या घरी बसून त्यात उतरतात, बत्तीस इकडची, बत्तीस तिकडची. रणगाडे, विमानं, तोफा सगळं असतं. मोठा मुलूख असतो, त्यातली ठाणी जिंकायची असतात. कानाला हेडफोन लावून आपल्या टोळीतल्या लोकांशी बोलता येतं. असे वीसेक वेगवेगळे मुलूख त्या खेळात आहेत. पोरं त्यांना 'मॅप' म्हणतात. तुळशीराम हा खेळ सहा वर्षं रोज सकाळी दहा ते बारा खेळला आणि त्यानं एकही गोळी झाडली नाही. तो पावलं मोजायचा.

आम्ही दोघंही मोजणी खात्यातले. शेताच्या हद्दी मोजून खुणेचे दगड लावणं हे आमचं काम. निवृत्तीनंतर धाराशिवात आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. त्याची मुलगी सुजाता पुण्याला असते. समोरासमोर बघून बोलता यावं म्हणून तिनं नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर बापाला पाठवला. त्यात जावयाचा खेळ राहून गेला होता. तुळशीरामनं तो चुकून उघडला, तर पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा नकाशा आणि त्यावर उत्तरेची खूण. त्याला वाटलं, खात्यानं मोजणीचा नवा प्रोग्राम काढला. दोन दिवस तो त्याच समजुतीत होता. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाला, "अंबादास, प्रोग्राम लई झकास केलाय. फकस्त मोजायला गेलं की लोकं गोळ्या घालत्यात."

"आपल्या वेळी काय फुलं टाकत होते व्हय?" मी म्हणालो.

खेळायला बसताना तो कॅनव्हासचे बूट घालायचा, नाडी बांधून. रानात अनवाणी जायचं नाही, ही त्याची नोकरीतली सवय. मग हेडफोन चढवून, पाठ ताठ करून बसायचा. पडद्यावरचा शिपाई चालला की बूट वाजतात. तो आवाज हा मोजायचा, हळू पुटपुटत. तेरा पावलांची एक साखळी, म्हणजे तेहतीस फूट. आजूबाजूला रणगाडे जळायचे, विमानं कोसळायची आणि हा भिंतीच्या कडेनं सरळ रेषेत चाललेला. मध्येच कुणी मारलं की मोजणी पहिल्यापासून. एक भिंत पुरी मोजायला त्याला कधी कधी पंधरवडा लागे.

पुढं पुढं समोरची पोरंही त्याला ओळखायला लागली. लातूरची एक मुलगी त्याच्या टोळीत होती, खेळातलं तिचं नाव बिजली. पडलेल्याला सुई टोचून उठवायचं काम तिचं. ती सगळ्यांना बजावायची, "अण्णांना कव्हर द्या रे, तीनशेच्या वर गेलेत!"

मोजून झालं की तो वहीत नोंद करायचा आणि दर रविवारी अकरा वाजता टोळीला मॅपांचे नंबर वाचून दाखवायचा. पोरांचेही आपले नंबर असत. कुठला मॅप भारी, कुठला भंगार, यावर ती इंटरनेटवर तासन्‌तास भांडायची. पण तुळशीरामची मापं वेगळी. सावली कुठं पडते, पाणी कुठून वाहतं, बांधाला औत वळतं का, हे बघून तो दहापैकी गुण द्यायचा. खेळातली इंग्रजी नावं त्यानं पहिल्याच आठवड्यात रद्द केली आणि आपल्या भागातली नावं दिली. वर टेकडीवर देऊळ आणि खाली हमरस्ता, तो येरमाळा. डोंगररांगांचा, तो बालाघाट. एका मुलखाचे त्यानं दोन गुण कापले, कारण भर दुपारी झाडाची सावली दक्षिणेला पडत होती.

"अण्णा, ऑस्ट्रेलिया असंल ते," टोळीतलं कुणीतरी म्हणालं. "तिकडं सावली उलटीच पडती."

"मग तसं लिहायला पाहिजे व्हतं. सही करणाऱ्याला कळायला नको?"

पोरांचा सगळ्यात लाडका मॅप तुळशीरामच्या यादीत कायम तळाला. त्या मॅपमध्ये लढाईच्या मध्येच एक उंच मनोरा कोसळतो, रस्ता बुजतो, एक ठाणं पाण्यात जातं.

"सकाळी मोजलेलं दुपारी न्हाय," तो म्हणायचा. "खुणेचा दगडच उडवला की हद्द कुठली? ह्येला नंबर कशाचा देता?"

"पण अण्णा, बघायला काय खतरनाक वाटतं!"

"बघायला तमाशाबी बरा वाटतो. फडात कुणी घर बांधतं का?"

आणि पहिला नंबर कायम बेंबळीला. बेंबळी म्हणजे त्या खेळातलं एक साधं सपाट गाव. शेतं, दगडी भिंत, मातीचा रस्ता, एक विहीर. पोरांना ते कंटाळवाणं वाटायचं. बिजलीनं एकदा विचारलं, "अण्णा, असं काय आहे हो त्याच्यात?" तो म्हणाला, "परत मोजलं तरी तेवढंच भरतं."

'परत मोजू' हे त्याचं पालुपद होतं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायच्या, "चपात्या किती झाल्या इचारलं तर दोनदा मोजत्यात." बसस्टँडच्या पायऱ्या तो चढताना मोजायचा आणि पटेना म्हणून उतरून परत मोजायचा. मी हे हावभाव करून लोकांना सांगायचो. लोकांची हसून मुरकुंडी वळायची. तो पहिल्यापासून असा नव्हता, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. तरुणपणी तो एकदाच मोजायचा. एकदा साखळी टाकली, खुंटी मारली, विषय संपला. आख्ख्या कचेरीत त्याच्याइतका स्वच्छ हात कुणाचा नव्हता, माझा तर नव्हताच.

त्याचे वडील जन्मभर मोजणीदारांच्या मागं साखळी ओढत रानोमाळ फिरलेले मजूर. त्या बौद्ध घरातला हा पहिला पगारदार, आणि तोही मोजणीदार. म्हातारा बाजाराच्या दिवशी कचेरीसमोर नुसता येऊन उभा राहायचा, मुलाच्या हातातला नकाशा बघायला.

आता दगडाचं. खऱ्या बेंबळीच्या शिवारात दोन शेजाऱ्यांच्या हद्दीचा वाद होता. त्यातलं एक घर माझ्या बहिणीचं सासर. मोजणी तुळशीरामकडं, मी मदतीला. आदल्या दिवशी बहीण माझ्याकडं आली होती. तिची सासू तिला रोज टोचायची, "भाऊ मोजणीत हाय म्हणं. आमच्या काय उपेगाचा?" बहीण काही मागत नव्हती. नुसती रडत होती.

दुसऱ्या दिवशी ऊन मरणाचं होतं. मोजणी संपली आणि तुळशीरामचा घोळणा फुटला. नाकाला रुमाल लावून तो लिंबाखाली आडवा झाला आणि म्हणाला, "अंबादासा, शेवटचा दगड तेवढा तू बसीव. खुंटी मारून ठिवलीया."

मी गेलो. खुंटी उपटली. शेजाऱ्याच्या रानात नऊ पावलं चालत गेलो आणि तिथं दगड बसवला. कागदावर सही तुळशीरामची होती.

शेजाऱ्यानं तक्रार केली. वरचे साहेब आले, फेरमोजणी झाली, दगड चुकीचा निघाला. जमीन ज्याची त्याला मिळाली आणि बहिणीचे हाल होते तसेच राहिले. साहेबांनी सगळ्या गावासमोर विचारलं, "हा दगड कुणाचा?" मी तुळशीरामपासून दोन हातांवर उभा होतो. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मोजणी माझी हाय साहेब, दगडबी माझाच," तो म्हणाला. मला वाचवायला म्हणाला असता तर मला इतकं लागलं नसतं. मी दगड दुसरीकडं लावीन, हे त्याच्या मनातच आलं नाही. त्याला वाटलं, आपली खुंटीच चुकली.

गर्दीतून कुणीतरी बोललं, "साखळी ओढणाऱ्याच्या पोराला मोजायला लावलं की हे असंच व्हायचं." लोक हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. त्याला रानातल्या कामावरून काढलं आणि निवृत्त होईपर्यंत तो फाटक्या नकाशांच्या नकला करत बसला. त्याचे वडील परत कचेरीसमोर दिसले नाहीत. मी बढती घेऊन साहेब झालो.

निवृत्तीनंतर मी रोज त्याच्याकडं जायचो. लोकांना वाटायचं, काय मैत्री आहे. मी रोज एकच वाक्य घेऊन जायचो आणि चहा पिऊन तेच परत आणायचो. एकदा तो बेंबळीची भिंत मोजत होता. मी म्हणालो, "एवढं परत परत काय मोजतोस?"

"सारखं भरतंय का बघतो."

"भरतं?"

"दरवेळी. सहाशे चोवीस. एक पाऊल इकडं न्हाय का तिकडं न्हाय." त्यानं हेडफोन काढला, चष्मा काढून शर्टाला पुसला. "मग तवा कसं चुकलं रे, अंबादास? चुकलं हे मान्य हाय. पर कसं? हात तर हाच हाय."

वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. चहावर साय धरली होती, ती मी बोटानं बाजूला केली.

"ऊन लई होतं त्या दिवशी," मी म्हणालो.

त्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "व्हय," तो म्हणाला. "ऊन असंल."

पुढं वहिनी गेल्या, त्याचे गुडघे गेले आणि सुजाता त्याला पुण्याला घेऊन गेली. मला वाटलं, आता सोपं होईल. समोर तोंड नसलं की माणूस बोलतो. मी सुनेकडं कॉम्प्युटर आणि हेडफोन मागितला. तिनं हसू दाबत सगळं जोडून दिलं आणि खेळात माझं नाव ठेवलं 'सासरेबुवा'. दोन महिने मी नुसता मरत होतो. दर मिनिटाला बिजली ओरडायची, "सासरेबुवा पडले!"

एका सकाळी बेंबळी लागलं. तुळशीराम भिंतीच्या कडेनं चालला होता, मी मागोमाग.

"तुळशीराम, थांब जरा."

"चारशे अकरा. बोल. चारशे बारा."

"ते दगडाचं मला तुला..."

कुठूनतरी गोळी आली आणि मी पडलो.

"पडलास व्हय? हालू नगं, आलो."

चारशेच्या पुढं गेलेली मोजणी सोडून तो वळला. सहा वर्षांत तो कुणासाठी वळला नव्हता. बिजली ओरडत होती, "अण्णा, तुम्हाला नाही येत उठवता! तुमच्याकडं सुई नाही!" तरी तो आला, माझ्याशेजारी उभा राहिला आणि त्यालाही गोळी लागली. पडद्यावर आम्ही दोघं भिंतीच्या कडेला शेजारी शेजारी पडलो होतो.

"काय म्हणत होतास?" त्यानं विचारलं.

सगळी टोळी ऐकत होती. "काही नाही," मी म्हणालो. "किती पावलं झाली इचारत होतो."

"इसरलो की. जाऊ दे, परत मोजू."

त्यानंतर खेळात त्याच्या नावापुढचा हजेरीचा हिरवा ठिपका लागला नाही. चौथ्या दिवशी सुजाताचा फोन आला. तुळशीराम गेला होता.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी पुण्याला गेलो. वंदना झाली, जेवणं झाली. सुजातानं मला त्याच्या खोलीत नेलं. टेबलाखाली कॅनव्हासचे बूट होते, नाड्या सोडून नीट लावलेले. तिनं वही माझ्या हातात दिली. पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'पहिला नंबर, बेंबळी. इथं मोजणी चुकत नाही.'

"काका," ती म्हणाली, "तुम्ही होतात ना तेव्हा शेतात? बाबा शेवटपर्यंत तेच धरून बसले होते. खरंच चुकले होते का हो ते?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. दार लोटलेलं होतं. याहून सोपं मला पुन्हा कधी मिळणार नव्हतं.

"ऊन लई होतं, बाळा," मी म्हणालो.

वही माझ्याकडं आहे. बेंबळी लागलं की मी ती भिंत चालतो. सहाशे चोवीसच भरतात. हे लिहून झालं की पहिली प्रत सुजाताला पाठवणार आहे. तोंडानं जे झालं नाही ते खाली लिहितो.

सुजाता, तुझे बाबा चुकले नव्हते. उन्हाचं मी खोटं सांगितलं, एकदा त्यांना आणि एकदा तुला.

तुळशीराम, तुझी खुंटी बरोबर होती. ती मी उपटली. नऊ पावलं मी चाललो, दगड मी बसवला, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा तुझ्यापासून दोन हातांवर मी गप्प उभा होतो. तुझा हात कधीच चुकला नाही. मला माफ कर.